अर्ध्या मापाचा सेंटॉरस : एका स्लीव्ह-व्हॉल्व्ह सिलिंडरच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४

आज दसरा. लेथला झेंडूचा हार घालून झाल्यावर, वर्षभर मनात घोळत असलेल्या कामाच्या वहीचे पहिले पान उघडले. ब्रिस्टल सेंटॉरस या ब्रिटिश विमान-इंजिनाला अठरा सिलिंडर असत. त्यांपैकी एकाच सिलिंडरची अर्ध्या मापाची, हाताने फिरवता येणारी आणि एका बाजूने कापून आतले दिसेल अशी प्रतिकृती करायची, असे ठरवले आहे. तिच्यात इंधन जळणार नाही; पण हँडल फिरवणाऱ्याला स्लीव्ह, म्हणजे झडपेचे काम करणारी नळी, वर-खाली होता होता डावी-उजवीकडे कशी वळते आणि तिच्या खिडक्या सिलिंडरच्या खिडक्यांसमोर कधी येतात, ते डोळ्यांनी दिसावे एवढाच हेतू आहे.

हे इंजिन निवडण्याचे कारण असे, की दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये जी सर्वांत वेगवान पिस्टन लढाऊ विमाने तयार झाली, त्यांतली हॉकर कंपनीची टायफून, टेम्पेस्ट आणि सी फ्युरी ही मालिका जवळजवळ पूर्णपणे स्लीव्ह-व्हॉल्व्ह इंजिनांवर उडाली. टायफून आणि टेम्पेस्ट मार्क ५ यांच्या नाकात नेपियर सेबर होते, तर टेम्पेस्ट मार्क २ आणि सी फ्युरी यांच्या नाकात सेंटॉरस. आज रस्त्यावरच्या एकाही गाडीत ही रचना सापडत नाही. तीस वर्षे टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला हे कोडे गप्प बसू देत नाही. कल्पना इतकी चांगली होती, तर ती मागे का पडली, हे वाचून अर्धेच कळते; उरलेले अर्धे लेथवर कळेल असा माझा अंदाज आहे.

२० ऑक्टोबर २०२४

मापे पक्की केली. सेंटॉरसचा बोअर (पिस्टन ज्यात सरकतो त्या पोकळीचा व्यास) ५.७५ इंच, म्हणजे १४६ मिलिमीटर, आणि स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव) ७ इंच, म्हणजे १७८ मिलिमीटर आहे. अशा अठरा सिलिंडरांची एकूण धारणक्षमता ५३.६ लिटर होते. माझ्या प्रतिकृतीत बोअर ७३ आणि स्ट्रोक ८९ मिलिमीटर राहील. हा ५.७५ इंचांचा बोअर ब्रिस्टलने नव्याने शोधला नव्हता. त्यांच्या जुन्या ज्युपिटर इंजिनाचा बोअर हाच होता, नऊ सिलिंडरांच्या पर्सियसचाही हाच होता आणि चौदा सिलिंडरांच्या हर्क्युलिसचाही हाच. पर्सियस आणि हर्क्युलिसचा स्ट्रोक ६.५ इंच होता. सेंटॉरसमध्ये तो अर्धा इंच वाढवला. घरात एकच चांगले पातेले असावे आणि त्यातच सगळे पदार्थ व्हावेत, तसा हा प्रकार आहे. त्यामागे काटकसरीपेक्षा अनुभवाचा भाग मोठा होता, कारण एका बोअरची स्लीव्ह गोल करायला शिकण्यातच त्यांची वर्षे गेली होती.

रॉय फेडन हे ब्रिस्टलचे मुख्य अभियंते पॉपेट व्हॉल्व्ह, म्हणजे वर-खाली उघडझाप करणारी नेहमीची झडप, सोडून इकडे का वळले, हे मला नीट समजून घ्यायचे होते. ज्युपिटर, मर्क्युरी आणि पेगॅसस या त्यांच्याच गाजलेल्या इंजिनांत दर सिलिंडरला चार पॉपेट व्हॉल्व्ह असत. नऊ सिलिंडर एकाच चक्रात बसवलेले असताना या झडपा हलवणाऱ्या पुशरॉड आणि रॉकर यांची ती गर्दी कशीबशी सांभाळता येते. पण शक्ती वाढवण्यासाठी मागे सिलिंडरांचे दुसरे चक्र जोडायचे म्हटले, की मागच्या सिलिंडरांच्या डोक्यापर्यंत चार-चार व्हॉल्व्हांची हालचाल पोहोचवायची कशी, हा प्रश्न उभा राहतो. शिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालबुंद तापतो आणि त्याच्या उष्णतेने मिश्रण अवेळी पेटण्याचा धोका असतो. एकेरी स्लीव्हची कल्पना स्कॉटलंडच्या पीटर बर्ट आणि कॅनडाच्या जेम्स मॅक्‌कलम यांची, पहिल्या महायुद्धाच्याही आधीची. आर्गाइल या स्कॉटिश मोटार कंपनीने ती गाड्यांत वापरली होती, आणि हॅरी रिकार्डो यांच्या संशोधनातून तिचे गुण पुढे आले होते. फेडन आणि त्यांचे आराखडेकार लिओनार्ड बटलर यांनी १९२६ च्या सुमारास हे काम हाती घेतले. पहिले पर्सियस १९३२ मध्ये फिरले, सेंटॉरस जुलै १९३८ मध्ये. म्हणजे कल्पना हाती असूनही पहिल्या इंजिनापर्यंत पोहोचायला सहा वर्षे लागली.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीत काम बंद होते. आज फक्त कागद, कंपास आणि हिशेब.

स्लीव्ह म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसणारी पातळ पोलादी नळी. मराठीत तिला बाही म्हणायला हरकत नव्हती, पण कारखान्यात कोणी म्हणत नाही, म्हणून मीही म्हणत नाही. नळीच्या तळाशी एक कान असतो. त्या कानात बसलेली गोळी एका छोट्या क्रँकच्या पिनवर असते आणि ही छोटी क्रँक मुख्य क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. पिन वर गेली की स्लीव्ह वर जाते, आणि पिन बाजूला गेली की स्लीव्ह आपल्या अक्षाभोवती थोडी वळते. दोन्ही हालचाली एकत्र होत असल्यामुळे स्लीव्हवरचा प्रत्येक बिंदू एक लंबवर्तुळ काढतो. मुख्य क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे चार स्ट्रोकच्या एका पूर्ण चक्रात, हे लंबवर्तुळ एकदा पुरे होते.

यात एक बारकावा आहे. पॉपेट व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी थांबतो, आपटतो आणि परत उठतो. पिस्टनही दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो आणि तिथेच तेलाचा थर तुटून झीज होते. स्लीव्ह मात्र कधीच पूर्ण थांबत नाही. वरच्या टोकाला तिची उभी हालचाल शून्य होते तेव्हा आडवी हालचाल सर्वांत वेगात असते. त्यामुळे तेलाचा थर सतत पसरत राहतो.

खिडक्यांची मांडणीही सुरेख आहे. सिलिंडरला पाच खिडक्या असतात, तीन आत घेण्याच्या आणि दोन बाहेर सोडण्याच्या. स्लीव्हला मात्र चारच, कारण त्यांतली एक खिडकी दोन्ही कामे करते, आधी एक्झॉस्टसमोर येते आणि मग सरकून इनलेटसमोर. स्फोटाच्या वेळी स्लीव्ह सर्वांत वर असते, आणि तिच्या खिडक्या सिलिंडरच्या आत खोल उतरलेल्या झाकणाच्या, म्हणजे जंक हेडच्या रिंगांच्या वर जाऊन लपतात. प्रचंड दाब असतो त्या वेळी ज्वालेला खिडकी दिसतच नाही.

माझ्या मापात छोट्या क्रँकची त्रिज्या ९ मिलिमीटर, स्लीव्हची बाहेरची त्रिज्या ३९ आणि गोळीचे सिलिंडरच्या अक्षापासूनचे अंतर ४६ धरले आहे. उभी हालचाल एकूण १८ मिलिमीटर होईल. आडवी हालचाल ३९ भागिले ४६ या प्रमाणात कमी, म्हणजे सुमारे १५.३ मिलिमीटर. हा आकडा वहीत अधोरेखित करून ठेवला आहे. शेवटी पडताळून पाहीन.

२४ नोव्हेंबर २०२४

सिलिंडरसाठी ॲल्युमिनियमचा गोळा आणि स्लीव्हसाठी सीमलेस पोलादी पाइप आणला. फिन, म्हणजे हवेने थंड होण्यासाठी सिलिंडरवर असणाऱ्या पातळ कडा, कापण्यात पूर्ण दिवस गेला, त्यात लिहिण्यासारखे काही नाही.

८ डिसेंबर २०२४

पहिली स्लीव्ह तयार झाली आणि सिलिंडरमध्ये गेलीच नाही.

भिंतीची जाडी अडीच मिलिमीटर. आतला बोअर ७३ ला पूर्ण करून घेतला, मग लेथच्या पकडीच्या, म्हणजे चकच्या, तीन जबड्यांनी नळी आतून पकडली आणि बाहेरून ७८ ला फिरवली. सिलिंडरशी व्यासावर सहा शतांश मिलिमीटरची सैल ठेवली होती. मायक्रोमीटरने वर, मध्ये, खाली, प्रत्येक ठिकाणी चार दिशांनी माप घेतले. फरक एक शतांशाच्याही आत होता. इतके चांगले माप आल्यावर चहा पिऊन निवांत बसलो आणि मग जुळवायला घेतले, तर नळी तोंडाशीच अडकली. तेल लावून, हलके फिरवून, थंड करून पाहिले. मायक्रोमीटर म्हणतो की ती गोल आहे आणि बसायला हवी. सिलिंडर म्हणतो की नाही.

९ डिसेंबर २०२४

रात्री झोप लागली नाही, पण उत्तर मिळाले. सकाळी नळी नव्वद अंशांच्या व्ही-ब्लॉकवर, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यावर, आडवी ठेवली, वर बारीक चढउतार काट्याने दाखवणारा डायल लावला आणि सावकाश फिरवली. एका फेरीत काटा तीन वेळा वर गेला आणि तीन वेळा खाली आला. एकूण फरक १६ शतांश. तीन जबडे, तीन उंचवटे. पातळ नळी आतून दाबून धरली तेव्हा ती किंचित तिकोनी फुगली, त्या फुगलेल्या अवस्थेत मी तिला बाहेरून अगदी गोल केले, आणि जबडे सैल केल्यावर ती मूळ आकाराला परत जाताना बाहेरचा गोलपणा घालवून बसली.

मायक्रोमीटरला हे दिसले नाही, यात त्याचा दोष नाही. त्याला समोरासमोरचे दोनच बिंदू कळतात, आणि तीन उंचवट्यांच्या आकारात प्रत्येक उंचवट्यासमोर खळगा येतो, त्यामुळे व्यास सगळीकडे सारखाच भरतो. नव्वद अंशांच्या व्ही-ब्लॉकवर असा दोष दुप्पट होऊन दिसतो, म्हणजे खरा चढउतार आठ शतांश. त्या नळीला सामावून घेणारे वर्तुळ मायक्रोमीटरच्या मापापेक्षा आठ शतांशांनी मोठे, आणि माझी सैल सहा शतांशांची. अडकणारच. टूलरूममध्ये नव्या मुलांना हीच गोष्ट मी स्वतः कित्येकदा शिकवली होती. तरी स्वतःच्या कामात चार दिशांच्या मापांवर विश्वास ठेवून मोकळा झालो, हेही इथे लिहून ठेवतो.

१५ डिसेंबर २०२४

नवी नळी यायची आहे, तोवर सेबरची हकीकत पुन्हा वाचली. कालपर्यंत ती इतिहास म्हणून वाचत होतो, आज ती कारखान्यातली गोष्ट म्हणून वाचली.

फ्रँक हॅलफोर्ड यांनी आखलेले नेपियर सेबर हे पाण्याने थंड होणारे चोवीस सिलिंडरांचे इंजिन होते. सिलिंडरांचे आडवे थर वर-खाली असल्याने समोरून त्याचा आकार आडव्या पडलेल्या इंग्रजी एच अक्षरासारखा दिसे. बोअर ५ इंच, स्ट्रोक पावणेपाच इंच, एकूण ३६.७ लिटर. धारणक्षमता सेंटॉरसच्या सुमारे दोन तृतीयांश, पण मिनिटाला ३७०० फेऱ्यांच्या वेगामुळे शक्ती दोन हजार अश्वशक्तीच्या पुढे. कुशल कारागिरांनी हाताने जुळवलेल्या पहिल्या इंजिनांनी १९४० मध्ये चाचण्या उत्तम पार पाडल्या. कारखान्यात तीच इंजिने मोठ्या संख्येने बनू लागली तेव्हा मात्र स्लीव्ह वेड्यावाकड्या निघू लागल्या, सिलिंडरमध्ये जाम होऊ लागल्या, आणि टायफूनच्या वैमानिकांना शत्रूइतकीच भीती आपल्या इंजिनाची वाटू लागली.

हाताने जुळवताना काय होते, ते मला आता ठाऊक आहे. कारागीर एक स्लीव्ह एका सिलिंडरमध्ये घालून पाहतो, अडकली तर दुसरी घेतो, थोडी घासतो, पुन्हा घालतो. अशा जोड्या जुळतात, पण त्यांतला कुठलाही भाग उचलून दुसऱ्या इंजिनात घालता येत नाही. लढाईच्या काळात हजारो इंजिने बनवायची तर एका पेटीतली कोणतीही स्लीव्ह कोणत्याही सिलिंडरमध्ये बसलीच पाहिजे, आणि नेमके तिथे नेपियरचे घोडे अडले. ब्रिस्टलही याच खड्ड्यातून गेले होते, फक्त आधी. धातू कोणता घ्यायचा, त्याला ताप कसा द्यायचा आणि ग्राइंडिंग कसे करायचे, हे ठरवण्यात त्यांची १९३० च्या दशकातली बरीच वर्षे आणि पुष्कळ पैसा गेला. शेवटी सरकारच्या दबावाखाली ब्रिस्टलची विद्या नेपियरच्या कामी आली. ब्रिस्टलच्या टॉरस इंजिनाचा बोअरही योगायोगाने बरोबर पाच इंचांचा असल्यामुळे त्याच्या स्लीव्ह सेबरच्या मापाला घेऊन पाहता आल्या आणि त्या टिकल्या. अमेरिकेतून सेंटरलेस ग्राइंडिंगची, म्हणजे वस्तू चकमध्ये न पकडता फिरवून घासणारी, यंत्रे आणवली गेली. १९४२ च्या अखेरीस नेपियर कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकच्या ताब्यात गेली. पुढे १९४४ च्या उन्हाळ्यात लंडनवर येणाऱ्या व्ही-१ उडत्या बाँबांमागे धावायला जी विमाने सर्वांत उपयोगी पडली, त्यांत सेबरचे टेम्पेस्ट मार्क ५ अग्रभागी होते.

सेंटरलेस ग्राइंडिंगबद्दल एक शंका मात्र मनात राहते. त्या पद्धतीतही जॉबची, म्हणजे घासायच्या वस्तूची, उंची चुकीची ठेवली तर तीन उंचवट्यांचा दोष येतोच. त्यामुळे निव्वळ यंत्रे आणून प्रश्न सुटला नसणार. ती लावणारा माणूसही जाणता असणार.

५ जानेवारी २०२५

दुसऱ्या स्लीव्हसाठी कामाचा क्रमच बदलला. आधी आतून-बाहेरून अर्धा अर्धा मिलिमीटर राखून नळी खडबडीत फिरवली आणि भट्टीत देऊन धातूतला ताण काढून घेतला. मग चारही खिडक्या मिलिंगवर कापल्या, कारण खिडकी कापल्यावर नळी पुन्हा थोडी हलते आणि ते हलणे शेवटच्या मापाच्या आधी होऊन गेलेले बरे. जबड्यांऐवजी संपूर्ण घेराला सारखी धरणारी चिरलेली बुशिंग करून घेतली. बोअर होनिंगला, म्हणजे फिरत्या दगडांनी आतून घासायला, आणि बाहेरची बाजू त्यानंतर मँड्रेलवर, म्हणजे आतून बसणाऱ्या दांड्यावर, ग्राइंडिंगला, असे ठरले.

होनिंगसाठी ट्रॅक्टरचे लायनर करणाऱ्या ओळखीच्या काकांकडे गेलो. नळी हातात घेऊन त्यांनी खिडक्यांमधून बोट फिरवले आणि म्हणाले, "साहेब, भोकं आधीच पाडून आणलीत. दगड अडकला तर मला बोल लावू नका." मी म्हटले, "काका, यझदीच्या सिलिंडरला पण खिडक्या असतातच की." त्यावर ते हसले, आतून लांब दगडांचा होन काढला, आणि खिडक्यांच्या कडा आधी बारीक कानशीने मोडायला लावल्या. दोन खिडक्यांवरून एकाच वेळी जाईल इतका लांब दगड घेतला की तो काठावर झुकत नाही, हे त्यांना टू-स्ट्रोक गाड्यांनी शिकवले होते. अर्ध्या तासात बोअर आरशासारखा झाला. पैसे देताना त्यांनी विचारले, "हे कशाचं?" मी सांगितले, "विमानाचं." त्यांनी फक्त "असं का," म्हटले आणि पुढचा लायनर लावला.

१२ जानेवारी २०२५

बाहेरची बाजू ग्राइंडिंग होऊन आली. व्ही-ब्लॉकवर डायलचा फरक बारा मायक्रॉन, म्हणजे खरा चढउतार सहा मायक्रॉन. नळी सिलिंडरच्या तोंडावर ठेवली आणि सोडली. ती स्वतःच्या वजनाने, आतली हवा दाबत, अगदी सावकाश खाली गेली. ती चार-पाच सेकंदांची घसरण मी पंधरा वेळा तरी पाहिली असेल.

१९ जानेवारी २०२५

माझी प्रतिकृती तापणार नाही, म्हणून साध्या पोलादावर भागले. खऱ्या इंजिनाचे काय होत असेल, याचा हिशेब आज मांडला. सिलिंडर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. तो दर अंश सेल्सियसला दहा लाखांत सुमारे २३ भाग प्रसरण पावतो. साधे पोलाद सुमारे १२. स्लीव्हचा बाहेरचा व्यास १५० मिलिमीटरच्या आसपास धरला आणि दोन्ही भाग दीडशे अंशांनी तापले असे मानले, तर सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक मोठा होतो आणि पोलादी स्लीव्ह जेमतेम पाव मिलिमीटर. म्हणजे थंड असताना योग्य असलेली सैल गरम झाल्यावर पाव मिलिमीटरने वाढते. तेल वर चढते, धूर निघतो आणि सिलिंडरकडे उष्णता नीट जात नाही. उलट गरम असताना योग्य सैल ठेवावी, तर थंडीत इंजिन सुरूच व्हायचे नाही.

ब्रिस्टलने यावर काढलेला मार्ग म्हणजे जास्त प्रसरण पावणारे ऑस्टेनिटिक पोलाद, ज्याचा आकडा १७ च्या आसपास येतो. त्याने फरक जवळजवळ निम्मा होतो. पण हे पोलाद मऊ आणि चिकट, घासले की ओरखडे पडणारे. म्हणून त्याच्या पृष्ठभागावर नायट्रायडिंग करून कठीण थर चढवावा लागे. त्या भट्टीच्या तापात पातळ नळी पुन्हा वाकडी होण्याची शक्यता आलीच. एक दोष काढावा तर दुसरा दारात उभा. पहिली सहा वर्षे कुठे गेली, याचे उत्तर मला इथे पुष्कळसे मिळाले.

२ फेब्रुवारी २०२५

जंक हेड तयार झाले. उलट्या घातलेल्या खोल वाटीसारखे ते वरून स्लीव्हच्या आत उतरते आणि त्याच्या रिंगा स्लीव्हच्या आतल्या बाजूला टेकतात. तळाशी दोन स्पार्क प्लग. व्हॉल्व्हांची अडगळ नसल्याने ते हव्या त्या जागी, मध्याजवळ ठेवता येतात. या वाटीच्या आतल्या भागाला हवा पोहोचवणे मात्र अवघड, त्यामुळे खऱ्या इंजिनात तिथल्या फिन आणि हवा वळवणारे पत्रे यांवर फार मेहनत घेतलेली दिसते. मी पितळेची रिंग एकच घातली.

१६ फेब्रुवारी २०२५

पुतण्या आला होता. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने विचारले, "काका, टेम्पेस्टमध्ये सेबर चांगलं चालत होतं, तर मग त्याच विमानात सेंटॉरस कशाला?"

त्याला सांगितलेले उत्तर इथे नोंदवतो, कारण उत्तर देताना माझ्याही मनात ते नीट लागले. हॉकरचे मुख्य आराखडेकार सिडनी कॅम यांनी सेंटॉरस आधीच वापरून पाहिले होते. ऑक्टोबर १९४१ मध्ये एक टॉर्नेडो विमान त्यावर उडाले होते. पण इंग्लंडमध्ये तेव्हा अशी सर्वसाधारण समजूत होती की हवेने थंड होणारे रुंद रेडियल, म्हणजे सिलिंडर चक्रात मांडलेले, इंजिन लढाऊ विमानाच्या नाकात घातले की हवेचा अडथळा वाढतो आणि वेग जातो. २३ जून १९४२ रोजी एक जर्मन वैमानिक वाट चुकून वेल्समधल्या पेम्ब्रीच्या धावपट्टीवर उतरला आणि त्याचे फोके-वुल्फ १९० जसेच्या तसे ब्रिटिशांच्या हाती आले. त्याचे बीएमडब्ल्यू ८०१ इंजिन रेडियलच होते, पण आवरण इतके घट्ट आणि धुराड्यांची रचना इतकी नेटकी होती की अडथळ्याची ती समजूत तिथेच मोडली. टेम्पेस्ट मार्क २ च्या नाकाकडे पाहिले, तर घट्ट आवरण आणि त्याच्या मागच्या कडेला दोन्ही बाजूंनी बाहेर येणाऱ्या धुराड्यांच्या रांगा यांत तो धडा स्पष्ट दिसतो. हे विमान प्रथम २८ जून १९४३ रोजी चाचणी वैमानिक फिलिप लुकास यांनी उडवले. सुमारे २५०० अश्वशक्ती आणि ताशी सुमारे ७१० किलोमीटर वेग. हनुवटीखालचा पाण्याचा रेडिएटर गेला आणि त्याबरोबर जमिनीवरून आलेल्या एका गोळीने पाणी वाहून जाऊन इंजिन बंद पडण्याची भीतीही गेली. पूर्वेकडच्या उष्ण प्रदेशातल्या युद्धासाठी ते मुद्दाम तयार होत होते, पण तुकड्यांना मिळेपर्यंत जपानने शरणागती पत्करली होती.

त्याचेच हलके भावंड फ्युरी १ सप्टेंबर १९४४ ला उडाले आणि नौदलासाठीचे सी फ्युरी २१ फेब्रुवारी १९४५ ला. सुरुवातीला सी फ्युरीच्या सांगाड्याला इंजिन ताठ बोल्टांनी जखडलेले होते आणि कंपनांनी फार त्रास दिला. पुढे लवचिक आधार दिले तेव्हा ते निवळले. कोरियाच्या युद्धात, ऑगस्ट १९५२ मध्ये, या पिस्टन विमानांनी एक मिग-१५ जेट पाडल्याची नोंद आहे.

मग पुतण्याने विचारले, "आपल्याकडे यातलं काही होतं का?" होते. १९४७ मध्ये भारतीय हवाई दलाला ८९ टेम्पेस्ट मार्क २ मिळाले आणि पाकिस्तानला २४. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात आपल्या टेम्पेस्टनी प्रत्यक्ष भाग घेतला. आज दिल्लीच्या पालम संग्रहालयात एक आहे. लंडनच्या हेंडन संग्रहालयातले टेम्पेस्ट मार्क २ सुद्धा आधी भारतीय हवाई दलात होते, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये जे टेम्पेस्ट मार्क २ अनेक दशकांनी पुन्हा उडाले, तेही भारतात सेवा करून परत गेलेले. जी विमाने जपानविरुद्ध लढायला बनली, ती जगातून नाहीशी झाली नाहीत याचे बरेचसे श्रेय आपल्या धावपट्ट्यांच्या कडेला पडून राहिलेल्या सांगाड्यांना आहे. पुतण्याला सेबरपेक्षा हेच जास्त आवडले.

२ मार्च २०२५

सगळे जुळवले, हँडल फिरवले, आणि पिस्टन खाली जाऊन मिश्रण आत ओढत असताना एक्झॉस्टची खिडकी उघडी दिसली.

दात मोजले, २४ आणि ४८, बरोबर. खुणा बरोबर. तासाभराने लक्षात आले की छोटी क्रँक उलट्या दिशेने फिरते आहे. उभी हालचाल दोन्ही दिशांना सारखीच असते, त्यामुळे स्फोटाच्या वेळी स्लीव्ह वरच होती आणि सगळे ठीक वाटत होते. पण वळण्याची दिशा उलटी झाल्यामुळे आधी इनलेट आणि मग एक्झॉस्ट असा उफराटा क्रम झाला होता. पॉपेट व्हॉल्व्हच्या इंजिनात कॅमही नाकाच्या आकाराप्रमाणे दिशा पाळतो, पण इतके उघड सव्य-अपसव्य मी कुठे पाहिले नव्हते. मध्ये दिशा उलटवणारा एक आयडलर गिअर घालायचा, म्हणजे पाठीमागची प्लेट पुन्हा ड्रिल करायची.

१६ मार्च २०२५

आयडलर बसला. आता हँडल फिरवले की खिडक्या बरोबर क्रमाने एकमेकींसमोर येतात, आणि ती दुहेरी काम करणारी चौथी खिडकी एक्झॉस्टकडून इनलेटकडे खालच्या बाजूने वळसा घेऊन जाताना दिसते. आवाज जवळजवळ नाही. फक्त गिअरची कुजबुज.

राहिली होती १० नोव्हेंबरच्या हिशेबाची पडताळणी. स्लीव्हला बाहेरून मार्किंगची निळी शाई लावली, सिलिंडरच्या एका छिद्रातून टोकदार सुई टेकवली आणि हँडल सावकाश दोन फेऱ्या फिरवले. स्लीव्ह बाहेर काढली तर निळ्या रंगावर एक स्वच्छ लंबवर्तुळ उमटले होते. उंची १८ मिलिमीटर, रुंदी मात्र १५.३ नाही, वाकणाऱ्या पट्टीवर तीनदा मोजली, तिन्ही वेळा १५.१.

आधी वाटले की सांध्यात कुठे तरी सैल आहे. मग गोळी पाहिली. ती आपल्या घरात आत-बाहेर सरकल्याची चमक जवळजवळ एक मिलिमीटर रुंदीची होती. छोट्या क्रँकची पिन एका सपाट पातळीत फिरते, पण स्लीव्हचा कान वर्तुळाच्या कंसात फिरतो. त्यामुळे पिन टोकाला जाते तेव्हा गोळी अक्षापासून ४६ ऐवजी ४६.९ मिलिमीटरवर असते, आणि स्लीव्ह साध्या प्रमाणाने येते त्यापेक्षा थोडी कमी वळते. कोन काढून हिशेब पुन्हा केला : अकरा अंश दोन्ही बाजूंना, बाहेरच्या कडेवर १५.०७ मिलिमीटर. नोव्हेंबरच्या पानावरचा अधोरेखित आकडा खोडला नाही, त्याच्या शेजारी आजचा लिहिला.

शाई पुसली नाही. वर पातळ वार्निश मारून ते लंबवर्तुळ तसेच ठेवले आहे. कापलेल्या बाजूने ते बरोबर दिसते. ही प्रतिकृती शाळेत पाठवायची आहे; त्याआधी तळाला तेलाची वाटी बसवायची आणि हँडलच्या लाकडाला पॉलिश करायचे, एवढे बाकी आहे.